85 डॉलरचा लोकरी कोट आणि काळ्या शेपटीचं हरण

कोटाचं लेबल आधीच्या मालकानं कात्रीनं कापून टाकलंय, त्यामुळे कंपनी कुठली हे विचारू नका. लाल-काळ्या चौकडीचा, जाड लोकरीचा, पुरुषी मापातला स्मॉल. पुढे चार खिसे आणि मागे आख्ख्या पाठीएवढा एक. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात किनाऱ्याच्या अलीकडे जे डोंगर आहेत, तिथल्या एका लहान गावात जुन्या सामानाचं दुकान आहे. त्या दुकानात हँगरांच्या गर्दीत हा मला 85 डॉलरला सापडला. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "वास जाईल हळूहळू." तीन हंगाम झाले, गेलेला नाही. भिजला की ओल्या मेंढराचा वास येतो. मला आवडतो, घरात बाकी कुणाला आवडत नाही.

कोट मी शिकारीला वापरते, तेव्हा शिकार हा शब्दच ज्यांना सोसत नाही त्यांनी इथूनच परतावं, राग नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच असावा असं माझंही मत आहे. इथली रीत वेगळी. राज्याचं मासे आणि वन्यजीव खातं हंगाम ठरवतं, परवाना विकतं, हरणाचा टॅग, म्हणजे एका हरणापुरती परवानगीची चिठ्ठी, त्याशिवाय वेगळा विकतं. शिकार मिळो न मिळो, 31 जानेवारीच्या आत कळवावंच लागतं. नाही कळवलं तर पुढच्या परवान्याला 25 डॉलर जास्त मोजा. मी हिल्सबोरोला चिप बनवणाऱ्या कारखान्यात काम करते, मूळची भोर तालुक्यातल्या हिरडस मावळातली. बंदूक हातात घेतली ती चाळिशी उलटल्यावर. अठराच्या आतल्या मुलांना सक्तीचा असलेला सुरक्षेचा वर्ग मी हौसेनं बेचाळिसाव्या वर्षी केला, बारा-तेरा वर्षांच्या पोरांशेजारी बाकावर बसून. एका पोरानं मला पेन्सिलसुद्धा उसनी दिली.

आता हरणाबद्दल, कारण हे हरण कळल्याशिवाय कोट कळायचा नाही.

ब्लॅकटेल म्हणजे म्यूल डिअर या पश्चिम अमेरिकेतल्या मोठ्या कानांच्या हरणाची किनाऱ्याकडची उपजात. कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिमेला, ओल्या गच्च रानात राहते. शेपटीचा वरचा भाग काळा, म्हणून हे नाव. पूर्वेकडच्या उघड्या माळावरचं म्यूल डिअर दुर्बिणीतून मैलभरावरून दिसतं, आधी शोधायचं आणि मग गाठायचं. आमच्या ब्लॅकटेलचं तसं नाही. ते आपल्या लहानशा मुलखात जन्म काढतं, दिवसा फारसं हलत नाही आणि झुडपात उभं राहिलं की तिथलंच होऊन जातं. आपल्याकडे ज्यांनी सह्याद्रीत भेकर पाहिलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. पाहिलंय म्हणजे खरं तर ऐकलंय, आणि मग फांदी हललेली पाहिलीय.

रान तरी कसलं. मी जाते ते तिलामूक स्टेट फॉरेस्टात, सहा नंबरच्या हायवेनं. 1933 च्या ऑगस्टात इथे गेल्स क्रीकच्या खोऱ्यात लाकूडतोडीच्या जागी आग लागली आणि डोंगरच्या डोंगर जळाले. मग 1939, 1945 आणि 1951. दर सहा वर्षांनी आग यायची, लोकांना वाटायचं जागेला काही तरी लागलंय. नंतर माणसांनी हातानं रोपं लावली, त्यात शाळेची पोरंही होती, आणि 1973 मध्ये त्याला राज्याचं जंगल म्हणून नाव मिळालं. आज तिथे डग्लस फर इतके दाट आहेत की दुपारी दोन वाजता दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. खाली कमरेएवढे सोर्ड फर्न, छातीएवढी सलालची झुडपं आणि वाइन मेपलच्या आडव्या-तिडव्या काठ्या. वाइन मेपल हे झाड आहे की जाळं, हा निकाल मी अजून दिलेला नाही. ज्या भागात गेल्या पाच-सात वर्षांत तोड झालीय, त्या क्लिअरकटमध्ये कोवळा पाला फुटतो आणि हरणं रात्री तिथे चरतात. उजाडायच्या आत पुन्हा झाडीत. तुम्ही झाडीत शिरला नाहीत तर गाडीजवळ उभं राहून पाऊस बघा. पाऊस मात्र पोटभर मिळतो, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे. हिरडस मावळच्या माणसाला नवल नाही, फक्त इथला थंड असतो आणि दिवाळीतही थांबत नाही.

अशा रानात शिकार करायची एकच पद्धत मला जमते. दोन पावलं टाकायची, थांबायचं, मिनिटभर नुसतं बघायचं. पुन्हा दोन पावलं. तासाभरात दीडशे मीटर झाले तर घाई झाली समजा. गावाकडे आजी तिच्या लहानपणच्या, कायद्याआधीच्या काळातल्या शिकारीच्या गोष्टी सांगायची. त्यात हाका असायचा, कुत्री असायची, पत्र्याचे डबे बडवणारी पंधरा माणसं असायची. इथे सगळं उलटं. डबा तर सोडाच, बाहीसुद्धा वाजता कामा नये.

आणि माझी बाही वाजायची.

पहिले दोन हंगाम मी एक महागडा वॉटरप्रूफ कोट वापरला. नाव घेत नाही, कारण दोष कोटाचा नव्हता, तो डोंगर चढणाऱ्यांसाठी बनवलेला होता आणि पाणी खरोखरच अडवायचा. पण त्याच्या कापडावर वाइन मेपलची काठी घासली की खर्रर्र असा आवाज यायचा, वेफर्सचं पाकीट फोडल्यासारखा. त्यावर पावसाचे थेंब पडायचे तेही टप टप टप, माझ्याच कानाशी. टोपी घातली की मला ऐकू येईना, काढली की डोकं ओलं. पहिल्या वर्षी मी सहा दिवस रानात होते. चार वेळा पुढे कुठे तरी धप्प धप्प उड्या ऐकल्या, एकदा काळी शेपटी पाहिली. दुसऱ्या वर्षी सात दिवस, शेपट्या दोन. प्रगती म्हणायची तर म्हणा.

मला हे कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, पण शेजारच्या आबांनी सांगितलं नाही, दाखवलं. आबा म्हणजे आमच्या शेजारचे गोरे आजोबा. जन्म लाकूडतोडीत गेला, आता ऐंशीला आलेत. तोंडावर मी त्यांना इथल्या रीतीनं नावानंच हाक मारते, मनात आबा म्हणते. त्यांनी मला अंगणात पाठमोरं उभं केलं आणि हातात एक वाळकी फांदी घेतली. आधी माझ्या कोटावर घासली, मग स्वतःच्या लोकरी कोटावर. म्हणाले, "आता सांग, मी दुसऱ्यांदा घासली का?" मी म्हटलं, अजून नाही. ते हसले. घासून झाली होती.

त्यांनीच सांगितलं की या ढबीच्या कोटाला क्रूझर म्हणतात. उभ्या जंगलातून पायी फिरून किती लाकूड निघेल याचा अंदाज काढणारा माणूस म्हणजे टिंबर क्रूझर. त्याच्याजवळ नकाशे, वह्या, पट्टी असं बरंच असायचं, म्हणून इतके खिसे आणि पाठीवरचा तो मोठा कप्पा. सिअ‍ॅटलच्या फिल्सन कंपनीनं 1914 साली या कोटाचं पेटंट घेतलं. ही कंपनी 1897 ची, कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं शोधायला निघालेल्या लोकांना कपडे पुरवत मोठी झालेली. पुढे अनेकांनी तशाच ढबीचे कोट काढले आणि माझा त्यातला कुठला हे कात्री चालवणाऱ्यालाच ठाऊक. नवा चांगला घ्यायला गेलात तर चारशे डॉलरच्या पुढे जाल. मी गेले नाही.

घरी आणून पहिल्यांदा अंगात घातला तेव्हा मला आरशात टिंबर क्रूझर दिसला नाही, आमचे तात्या दिसले. माझे आजोबा. भातलावणीच्या दिवसांत बायकांच्या डोक्यावर इरली असायची आणि गुरांमागे जाणाऱ्या तात्यांच्या डोक्यावर घोंगडीची खोळ. दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ दिलेली, नवी असताना उभी केली तर उभी राहील अशी ताठ. आषाढातल्या झडीत तात्या तिच्यात दिवस काढायचे. घोंगडी ओली व्हायची, व्हायचीच, पण तात्या कुडकुडत नसत. लहानपणी मला वाटायचं हा तात्यांचा गुण. तो लोकरीचा गुण निघाला. लोकर तिच्या वजनाच्या साधारण 30 टक्के ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. त्यापुढे भिजली तरी तिच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. आमच्या कारखान्यात धूळ चालत नाही म्हणून लोकरीला दारातच मज्जाव असतो, त्यामुळे तिच्या बाजूनं बोलायची संधी मला एरवी मिळत नाही.

पण एक गोष्ट स्वच्छ सांगते, कारण इथे लोक फसतात. हा कोट वॉटरप्रूफ नाही. पाणी थोपवतो तासभर, मग पितो. मी माप घेतलंय. कोरडा असताना 1.9 किलो. पहाटेपासून दुपारपर्यंत सरळ पावसात राहून आलेल्या दिवशी न्हाणीघरातल्या काट्यावर 3.1 किलो. म्हणजे जवळजवळ सव्वा लिटर पाणी मी खांद्यावर घेऊन डोंगर उतरले होते. अंग मात्र गार पडलेलं नव्हतं. खांदे दुखत होते ती गोष्ट वेगळी.

आता तो दिवस. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. पश्चिम ऑरेगनातला बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो आणि नर ऐन माजावर येतात ते साधारण त्याच सुमाराला किंवा त्यानंतर, त्यामुळे शेवटचे हे आठ-दहा दिवस सोन्याचे. एरवी रात्रीच फिरणारे थोराड नर दिवसाउजेडी पाय काढायला लागतात. आदल्या रात्री वारा होता, पहाटे नुसती भुरभुर. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बंदूक चालवायला परवानगी असते. त्या दिवसांत सूर्यच पावणेआठला उगवतो, म्हणून घाई नव्हती. आबा खालच्या रस्त्याला गाडीत थांबले. गुडघे चालत नाहीत आता त्यांचे. थर्मासमधली कॉफी आणि रेडिओ एवढं त्यांना पुरतं.

मी ओढ्याच्या कडेनं खालून वर निघाले. पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली वाहते, म्हणजे माझा वास माझ्यामागे खाली जाणार. ऊन वर आलं की हवा उलटी फिरते, मग वरून खाली यायचं. हे गणित चुकलं तर कोट लोकरीचा असो की रेशमाचा, काही उपयोग नाही.

पाऊण तासात मी किती चालले असेन? शंभर पावलं. एका आल्डरच्या पोरसवदा झाडाची साल शिंगांनी घासून काढलेली दिसली, आतलं लाकूड ओलं आणि नारिंगी. ताजी होती. त्यापुढे वाइन मेपलची दाटी. एरवी मी तिला वळसा घातला असता. त्या दिवशी शिरले. एक काठी खांद्यावरून घासत पाठीवर गेली, दुसरी बाहीवरून. मी थांबून कान दिला. स्वतःच्या आवाजाला कान देणं विचित्र वाटतं, पण तेच करायचं असतं. काही नव्हतं. फर्नवरून पाणी गळत होतं तेवढंच.

आबांनी शिकवलंय की रानात हरीण शोधायचं नाही, आडवी रेघ शोधायची. झाडं सगळी उभी असतात, पाठ तेवढी आडवी. मला पाठ नाही दिसली, कान दिसला. एका फर्नमागे पानाएवढं काही तरी फडकलं, थांबलं, पुन्हा फडकलं. कानावरचं पाणी झटकत होता. मी तिथेच उभी राहिले. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग नाक दिसलं, मग एक शिंग, त्याला दोन टोकं. तो माझ्याकडे बघत होता असं मला वाटलं. हरणाला नारिंगी आणि हिरवा यांत फारसा फरक कळत नाही, म्हणून अंगावरच्या नारिंगी बंडीची मला काळजी नव्हती. (ऑरेगनात मोठ्यांना नारिंगी सक्तीचं नाही. तरी घाला. हरणाला दिसत नसलं तरी बंदूकवाल्या माणसाला दिसतं. फक्त बंडी मऊ फ्लीसची घ्या, प्लास्टिकची घेतलीत तर पुन्हा वेफर्सचं पाकीट.)

बंदूक खांद्याला न्यायची म्हणजे बाही उचलायची. जुन्या कोटात इथेच माझा दोनदा घात झाला होता. या वेळी बाही छातीवरून सरकली आणि मला स्वतःला ऐकू आली नाही. त्यानं मान वळवली ती दुसरीकडे. पस्तीस पावलांवर होता. या रानात तेवढंच अंतर मिळतं.

तो चाळीस-एक पावलं पळाला आणि पडल्याचा आवाज आला. लगेच मागे जायचं नसतं. मी एका पडक्या ओंडक्यावर बसले, दहा मिनिटं, घड्याळ लावून. कोटाखाली घाम आला होता आणि हात कापत होते. पोचले तेव्हा डोळा उघडा होता आणि त्यावर पावसाचा थेंब पडला तरी मिटत नव्हता. हात आपोआप जोडले गेले. त्यापुढचं मला नीट लिहिता येत नाही, तेव्हा कोटाकडे वळते.

टॅग आता फोनवर असतो. हरीण पडलं की लगेच खात्याच्या अ‍ॅपमध्ये नोंद करायची. रेंज नसली तरी ती होते. मग नारिंगी फितीवर नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक आणि दिवस लिहून फीत जनावराला बांधायची. आता बघा, फोनची काच ओली, बोटं ओली, काच बोटाला ओळखेना. पुसायला कोटाचं बाहेरचं अंग ओलं, आतलं अंगही दमट. शेवटी आतल्या सुती सदऱ्याचं टोक ओढून पुसली. सगळ्या खिशांत एकही जागा कोरडी राहत नाही, हा या कोटाचा खरा दोष. फोन, परवाना, काडेपेटी, सगळं झिपच्या पिशवीत घालूनच खिशात ठेवा.

पाठीवरचा कप्पा मात्र देवानं पाठवल्यासारखा. दोन्ही बाजूंनी हात जातो. मी त्यात दोरी, मांसाच्या सुती पिशव्या, भाकरी-चटणीचा पुडा आणि घडी घातलेलं प्लास्टिक ठेवते. ओल्या ओंडक्यावर बसताना तो कप्पा बुडाखाली दुहेरी थर देतो, म्हणून बूड उशिरा भिजतं. परतताना काळीज आणि कलेजी पिशवीत गुंडाळून तिथेच ठेवली होती. पाठीला ऊब लागत होती. बाकीचं मांस दोन खेपांत खाली आणलं. दुसऱ्या खेपेला कोट काढून कमरेला बांधावा लागला, कारण ओझं घेऊन चढ-उतार करताना हा कोट अंगात ठेवणं म्हणजे भट्टीत बसणं. वजन उचलायच्या कामाला तो नाही. हळू चालणाऱ्याचा आणि बसून राहणाऱ्याचा कोट आहे.

कलेजी त्याच रात्री कांदा-लसूण मसाल्यात परतली. आबांनी दोनदा घेतली आणि दुधाचा एक लिटरचा डबा संपवला.

मापाबद्दल. पुरुषी स्मॉल मला खांद्यात बसतो, बाह्या चार बोटं लांब आहेत. त्या दुमडल्या की मनगटाला दुहेरी लोकर होते, तो फायदाच. घट्ट कोट घेऊ नका, आत एक स्वेटर मावला पाहिजे आणि हात वर करताना पाठ ओढली जाता कामा नये. मानेला टोचतो. मी आतून जुन्या सुती साडीची पट्टी शिवून घेतली, तेव्हापासून नाही टोचत. टोपी नाही, त्यामुळे पाणी मानेतून आत जातं. लोकरीची कानटोपी आणि गळ्याभोवती पंचा असा बंदोबस्त मी केलाय. इथले लोक पंच्याकडे बघतात, बघू देत. पंचा पिळता येतो.

काटे ही दुसरी डोकेदुखी. नायलॉनवरून ब्लॅकबेरीचा काटा घसरतो, लोकरीत रुततो आणि धागा ओढून काढतो. इथल्या या राक्षसी ब्लॅकबेरीला हिमालयन म्हणतात. आहे ती मूळची आर्मेनियाकडची. ल्यूथर बरबँक या गृहस्थांनी 1885 च्या सुमाराला ती इथे आणली, बियाणं भारतातून आलं म्हणून हिमालयाचं नाव दिलं आणि सगळ्या किनाऱ्यानं तेव्हापासून आपल्या नावानं बोटं मोडली. माझ्या डाव्या बाहीवर दीड इंचाची खोंच तिनेच पाडली. सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. त्या माळकरी. गॅरेजमधला माझा फ्रीझर त्यांनी कधी उघडला नाही आणि मी कधी दाखवला नाही, असा आमचा करार होता. एके दिवशी बघते तर कोट मांडीवर घेऊन बसलेल्या, सुईत हिरवा दोरा. "अगं, लाल मिळाला नाही घरात," एवढंच म्हणाल्या. रफू इतकं बारीक आहे की हिरवं असूनही शोधावं लागतं. हा कोट कशासाठी आहे हे त्यांनी विचारलं नाही. चांगलं ठाऊक होतं त्यांना.

धुण्याची गोष्ट महत्त्वाची आहे म्हणून जरा लांबवते. मशीनमध्ये घातलात तर आटून मुलीच्या बाहुलीला होईल. आणि साधी पावडर वापरू नका. कपडे झगझगीत दिसावेत म्हणून तिच्यात जे घालतात, ते अतिनील प्रकाशात चमकतं, आणि हरणाच्या डोळ्याला निळ्याच्या पलीकडचं आपल्यापेक्षा बरंच जास्त दिसतं. आपल्याकडे शाली धुवायला रिठे वापरतात, तेच मी वापरते. भारतीय वाणसामानाच्या दुकानात वाळके मिळतात. आठ-दहा रिठे रात्री भिजवायचे, सकाळी उकळून गाळायचे, कोमट पाण्यात कोट दाबून काढायचा. पिळायचा नाही. टॉवेलात गुंडाळून वर उभं राहायचं आणि मग जाळीवर आडवा पसरायचा. वाळायला दोन दिवस, कधी तीन. हंगामात लागोपाठ दोन दिवस रानात जायचं असेल तर दुसऱ्या दिवशी ओलाच घालावा लागतो. पहिली पाच मिनिटं नकोशी असतात, मग अंगाच्या उबेनं तापतो.

आणि वास. हरणाचं नाक ही वेगळीच संस्था आहे. आपल्या घरात रोज फोडणी होते, मोहरी, हिंग, कढीपत्ता, आणि लोकर तो वास तिच्या जन्मात विसरत नाही. याच्या पहिल्या हंगामात कोट स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेला असायचा. मी रानात शिरायचे ती पिठलं-भात होऊन. आता तो गॅरेजात झाकणाच्या मोठ्या डब्यात असतो, सोबत डग्लस फरची दोन डहाळी. कसर लागू नये म्हणून कापूर किंवा डांबराच्या गोळ्या टाकायचा मोह होतो, तो टाळा. मी उन्हाळ्यात दोनदा कडक उन्हात झटकते आणि महिनाभर पिशवीत बांधून फ्रीझरात ठेवते. हो, त्याच फ्रीझरात. माणसाचा वास घालवायला बाजारात बाटल्या मिळतात, हरणांना बोलवायलाही मिळतात. त्यातल्या खऱ्या हरणाच्या मुतापासून केलेल्या बाटल्यांवर ऑरेगनात 2020 पासून बंदी आहे, रोग पसरू नये म्हणून. मी यातलं काहीच घेत नाही, वाऱ्याकडे लक्ष ठेवते.

पाचपैकी मी याला चार देईन. पाचवा गेला ओल्या खिशांना आणि त्या सव्वा लिटर पाण्याला.

घ्यावा कुणी? जो दाट झाडीत, पावसात, हळू चालतो त्यानं. हरीण मारायचं नसेल, नुसतं बघायचं असेल, पक्ष्यांचे फोटो काढायचे असतील, तरी हाच घ्या. कॅमेरा उचलतानाही बाही वाजतेच. पूर्वेकडच्या माळावर म्यूल डिअरमागे दिवसाला पंधरा किलोमीटर चालणार असाल तर घेऊ नका, तिथे तो ओझं आहे. मुसळधार आणि जोरदार वारा एकत्र असेल त्या दिवशी मीसुद्धा जुना वॉटरप्रूफ घालते, कारण त्या गोंगाटात मला काय आणि हरणाला काय, कुणालाच काही ऐकू येत नसतं.

नवा घेण्याआधी लाकूडतोडीच्या गावांतली जुन्या सामानाची दुकानं बघा, सप्टेंबर लागायच्या आत. नंतर उरतात ते फक्त एक्सएल. दुकानात कोट उजेडाकडे धरून पाहा, कसरीची भोकं लगेच दिसतात. कोपर आणि काखा तपासा. मग बाहीवर नख ओढा आणि कान द्या. दुकानातली बाई बघत असेल तर बघू दे. लेबल असलं-नसलं तरी चालतं. बाह्या लांब असल्या तर घ्या, दुमडता येतात. आखूड असल्या तर परत टांगून ठेवा.